शाखा बदलली, शिष्यवृत्तीचे काय?
विषय बदलण्यापूर्वी पालकांनी मांडावा असा हिशेब

चांदूर बाजार : जून-जुलै महिना आला की येथील सेतू केंद्रावर आणि झेरॉक्सच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. संत्र्याचा व्यापारी, शिलाई मशीनवर बसणारा कारागीर, वेल्डिंगवाला, किराणा दुकानदार, सगळे एकाच रांगेत असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा, कुणाला रहिवासाचा. मुलाला अमरावती, अकोला किंवा नागपूरला घालायचे असते. प्रवेश होतो, शिष्यवृत्ती मंजूर होते, घरात समाधान पसरते. आणि वर्षभराने मुलगा सांगतो, "अब्बा, ही शाखा मला झेपत नाही, बदलायची आहे."

अशा वेळी पालक दोनच प्रश्न विचारतात. नव्या शाखेची फी किती आणि नोकरी मिळेल का? तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे मिळत असलेल्या शिष्यवृत्तीचे काय होईल? पुष्कळांची समजूत अशी की, गुणवत्तेवर मिळालेली शिष्यवृत्ती मुलाच्या नावाची आहे, तो जिथे जाईल तिथे ती त्याच्याबरोबर जाईल. ही समजूत अनेक योजनांच्या बाबतीत खरी नाही.

व्यापारी बंधूंना हे समजायला जड नाही. शिष्यवृत्ती हा एक करार आहे. बयाणा ज्या मालासाठी घेतला तोच माल द्यावा लागतो. कापडाची ऑर्डर घेऊन चपला पाठवल्या तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, मग चपला कितीही उत्तम असोत. शिष्यवृत्ती देणारे सरकार किंवा संस्था हीसुद्धा पैसे कशासाठी देत आहे ते आपल्या नियमांत लिहून ठेवते. कुठली योजना जागेला बांधलेली असते, कुठली विषयाला, कुठली शिक्षणाच्या टप्प्याला, तर कुठली केवळ गुण आणि हजेरीला. आपली शिष्यवृत्ती कशाला बांधली आहे हे कळले म्हणजे शाखा बदलावी की नाही आणि बदलली तर केव्हा, याचे उत्तर निम्मे मिळाले असे समजावे.

जागेला बांधलेली सवलत

अभियांत्रिकी आणि पदविका अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफीची एक योजना आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टीएफडब्ल्यूएस' म्हणतात. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा या योजनेत भरल्या जातात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलांना त्या गुणवत्तेनुसार मिळतात आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत शिक्षण शुल्क माफ राहते. परीक्षा फी व इतर शुल्क मात्र भरावे लागते. प्रवेशाच्या वेळी विकल्प भरताना या जागांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात आणि त्यांच्या शेवटी 'टी' हे अक्षर असते.

गरीब घरच्या हुशार मुलासाठी यापेक्षा चांगली सवलत शोधून सापडणार नाही. पण तिची अट तितकीच कडक आहे. या योजनेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही परिस्थितीत संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पहिल्या वर्षी ९ पॉइंटर मिळवले तरी यंत्र शाखेतून संगणक शाखेत ही माफी घेऊन जाता येणार नाही. माफी त्या जागेची आहे. मुलगा जागा सोडतो तेव्हा माफी जागेवरच राहते.

विषयाला बांधलेली शिष्यवृत्ती

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. बारावी बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्या मुलांसाठी ती मुख्यतः आहे. रक्कम वर्षाला ८० हजारांपर्यंत, त्यातले ६० हजार रोख आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. अट एकच, पण मोठी. शिक्षण मूलभूत विज्ञानाचे हवे. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, भूगर्भ असे ठरावीक विषय यादीत आहेत. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय अभ्यासक्रम यात बसत नाहीत. इतकेच काय, बी.एस्सी. असूनही संगणकशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विषय या यादीत नाहीत.

आता नव्या शैक्षणिक धोरणाकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यानुसार विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच विद्याशाखेत आपला मुख्य विषय, म्हणजे 'मेजर', बदलता येतो. मुभा चांगली आहे. चांदूर बाजारचे जी. एस. टोम्पे महाविद्यालय असो वा अमरावतीतील मोठी महाविद्यालये असोत, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मुलांना या नव्या रचनेची ओळख करून घ्यावीच लागणार आहे. पण विद्यापीठाने बदल मंजूर केला म्हणजे शिष्यवृत्ती देणाऱ्यानेही तो मंजूर केला, असा अर्थ होत नाही. इन्स्पायर घेणाऱ्या मुलीने भौतिकशास्त्र सोडून रसायनशास्त्र घेतले तर ती यादीतच राहते. तिने संगणकशास्त्र घेतले तर पदवी बी.एस्सी.चीच, महाविद्यालयही तेच, पण विषय यादीबाहेर गेला. फरक एका विषयाचा आहे आणि प्रश्न वर्षाच्या ८० हजारांचा.

टप्प्याला बांधलेली शिष्यवृत्ती

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मणियार अशा इतर मागासवर्गाच्या यादीत असलेल्या बिरादऱ्यांतील आहेत. त्यांच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. ही योजना मूळची अनुसूचित जातींसाठी १९४४ पासूनची. पुढे इतर मागासवर्गासाठीही अशीच योजना आली. तिच्या नियमांत तीन गोष्टी शाखा बदलणाऱ्याने नीट वाचाव्यात.

पहिली. ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली, त्याचा विषय किंवा महाविद्यालय राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलले तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. येथे 'पूर्व' हा शब्द महत्त्वाचा. आधी बदल करून मागाहून अर्ज देणे कामाचे नाही.

दुसरी. एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणाऱ्यास शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. किंवा एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. केले तर पैसे बंद.

तिसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. कला, विज्ञान किंवा वाणिज्य पदवीची परीक्षा पास होऊन, अगदी नापास होऊनही, जो विद्यार्थी मान्यताप्राप्त व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रमाला जातो, तो इतर अटी पुऱ्या करत असेल तर त्याला शिष्यवृत्ती मिळू शकते. मात्र त्यानंतर पुन्हा अभ्यासक्रम बदलू दिला जात नाही. थोडक्यात, एक दार उघडे ठेवले आहे आणि त्यातून एकदाच जाता येते.

गुण आणि हजेरीला बांधलेली शिष्यवृत्ती

चौथा प्रकार केंद्रीय शिक्षण खात्याच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा. २००८ पासूनची ही योजना दरवर्षी देशभर ८२ हजार नव्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावीत आपल्या बोर्डात आणि आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणारी आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणारी मुले अर्ज करू शकतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तर वर्षांसाठी २० हजार रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत.

दरवर्षीच्या नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. येथे शाखा बदलाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. नव्या विषयाचा पाया कच्चा असल्याने पहिल्याच वर्षी गुण ४८ टक्क्यांवर आले तर हप्ता थांबला. शिवाय ही शिष्यवृत्ती नियमित पदवीसाठीच आहे. बी.एस्सी. सोडून पॉलिटेक्निकच्या पदविकेला गेलेला किंवा बहिःस्थ अभ्यासक्रम घेतलेला मुलगा तीत बसत नाही. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कॅप फेरीचे महत्त्व

राज्याच्या अनेक शुल्क सवलती व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप' मधून, मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधून हवा.

शाखा बदलण्याच्या घाईत येथेच फसगत होते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून मुलगा दुसऱ्या महाविद्यालयात संस्था पातळीवरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतो. हवी ती शाखा मिळते, पण सवलत जाते आणि तीही पुढच्या सर्व वर्षांची. ज्या मुलीला पूर्ण शुल्क माफ होते, तिला पूर्ण शुल्क भरावे लागते.

म्हणून शाखा बदलण्याचा सर्वांत स्वस्त काळ हा प्रवेश फेऱ्यांचाच. त्या वेळी मिळालेली जागा हातची न सोडता अधिक चांगल्या विकल्पाची वाट पाहण्याची, म्हणजे 'बेटरमेंट'ची, सोय असते. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर मात्र तीच जागा घ्यावी लागते. त्यामुळे विकल्पांचा क्रम शेजाऱ्याच्या मुलाचा पाहून भरू नये. ठरलेल्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर १ हजार रुपये वजा होऊन फी परत मिळते. तारीख उलटली की तो मार्गही बंद होतो.

हिशेब मांडून पाहू

उदाहरण म्हणून एक घर घेऊ. शिलाई कारागिराचा मुलगा अमरावतीच्या खासगी महाविद्यालयात यंत्र शाखेत शुल्क माफीच्या जागेवर शिकत आहे. शिक्षण शुल्क वर्षाला ८० हजार धरू. एक वर्ष झाले आहे, तीन वर्षे उरली आहेत. जागा सोडली तर तीन वर्षांची २ लाख ४० हजारांची माफी गेली. दुसऱ्या महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली तर चार वर्षांचे शुल्क ३ लाख २० हजार. राजर्षी शाहू योजनेतून निम्मे मिळाले तरी १ लाख ६० हजार घरातून जाणार. शिवाय एका जादा वर्षाचे खोलीभाडे, मेस, एस.टी.चा पास आणि एक वर्ष उशिरा सुरू होणारी कमाई.

हा आकडा दुकानाच्या भांडवलातून काढायचा, दागिने मोडायचे की व्याजाचे कर्ज घ्यायचे, हे तीनच मार्ग साधारण कुटुंबापुढे असतात. तिन्ही मार्गांनी धंदा मागे जातो. म्हणून निर्णय मुलाच्या एका वाक्यावर घेऊ नये.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माफीच्या लोभाने मुलाला नकोशा शाखेत डांबून ठेवले आणि तो दरवर्षी विषय मागे टाकत गेला, तर चार वर्षांची पदवी सहा वर्षांची होते. गुणांची अट असलेली शिष्यवृत्ती तर तशीही जाते. ज्याला खरोखर शाखा झेपत नाही, त्याने पहिल्या वर्षातच बाहेर पडणे कमी तोट्याचे. न चालणारा माल किती दिवस फळीवर ठेवायचा, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही. तेव्हा पालकाने आधी हे ओळखावे की, मुलाला शाखा झेपत नाही की मित्रांची शाखा जास्त चमकदार वाटते? पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांशी अर्ध्या तासाची भेट यातून ते बरेचसे कळते.

शाखा न सोडता मिळणारा मार्ग

केवळ दुसऱ्या विषयाची ओढ असेल तर त्यासाठी जागा सोडण्याची गरज नसते. अभियांत्रिकीत मूळ शाखेबरोबर १८ ते २० जादा क्रेडिट पूर्ण करून दुसऱ्या विषयात 'मायनर' मिळवण्याची तरतूद तंत्रशिक्षण परिषदेने केली आहे. यंत्र शाखेचा मुलगा महाविद्यालयात सोय असल्यास संगणक क्षेत्रातला मायनर घेऊ शकतो. शुल्क माफीची जागा तशीच राहते.

दुसरा मार्ग सबुरीचा. शाखा बदलायचीच असेल तर टप्पा बदलताना बदलावी. गणित घेतलेल्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या मुलाने पदवी पूर्ण करून एम.सी.ए. केले तर तो पुढच्या टप्प्यावर जातो, त्याच टप्प्यावर फिरत नाही. एम.सी.ए. आता दोन वर्षांचे आहे. पदविका झालेल्या मुलाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या वाटांनी वेळ वाचतो आणि शिष्यवृत्तीच्या नियमांशी झगडावे लागत नाही.

बदलायचेच ठरले तर

सर्व विचार करून बदल ठरला असेल तर काम क्रमाने करावे. प्रथम शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र आणि त्या योजनेचे मूळ नियम काढून वाचावेत. शिकवणी वर्गवाल्याचा किंवा प्रवेश एजंटाचा तोंडी शब्द धरू नये. मग महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाला भेटावे. परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्यावी आणि जावक क्रमांकासह प्रत जवळ ठेवावी. परवानगी हातात येईपर्यंत जुना प्रवेश रद्द करू नये.

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना अभ्यासक्रम, वर्ष आणि महाविद्यालय हे प्रवेशाच्या कागदांशी तंतोतंत जुळले पाहिजे. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि लागू असेल तेथे जात वैधता प्रमाणपत्र तयार ठेवावे. पहिल्या वर्षाचे शुल्क एकदा मिळाले असेल तर नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला ते पुन्हा मिळेल असे धरून चालू नये. आधी विचारून घ्यावे.

बदल लपवून जुन्या अभ्यासक्रमाच्या नावावर पैसे घेत राहणे हा तर सरळ गुन्ह्याचा रस्ता आहे. खोट्या माहितीवर घेतलेली रक्कम वसूल होते आणि पुढची दारे बंद होतात. हक्काचा नसलेला पैसा घरात न आणणे हेच बरे.

जुन्या माहितीवर विसंबणेही महागात पडते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची 'मेरिट-कम-मीन्स' शिष्यवृत्ती २००७-०८ पासून व्यावसायिक शिक्षणासाठी होती. तिची मंजुरी २०२१-२२ पर्यंतची होती. मोठ्या भावाला मिळाली म्हणून धाकट्याला मिळेलच, असा हिशेब तिच्यावर बांधू नये. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षी पोर्टलवर योजना उघडली आहे का, हे पाहूनच खर्चाचा आकडा ठरवावा.

ज्या घरात मुले दहावी-बारावीत आहेत, त्यांनी एका रविवारी वही घेऊन बसावे. मुलाला कोणते दोन-तीन विषय मनापासून आवडतात, त्यांना कोणत्या योजना लागू होतात, त्यातली कोणती जागेला, विषयाला, टप्प्याला की गुणांना बांधलेली आहे, हे चार रकान्यांत लिहावे. ही वही विकल्प अर्ज भरताना जवळ असली तर वर्षभराने शाखा बदलण्याची वेळ बहुधा येणार नाही. आणि आलीच, तर काय जाणार व काय राहणार हे बापलेकांना आधीच ठाऊक असेल.